नंबर सतरा

जालन्याच्या भंगारबाजारात ती मला
वजनकाट्यावर आडवी पडलेली दिसली.
अठरा किलो, शेख मुनाफ म्हणाला,
भट्टीचा ट्रक पाचला येतो,
घ्यायची तर आत्ताच बोला.

फिलिप्स. अठ्ठावीस इंची. सीट नाही,
घंटीची वाटी नाही, पुढच्या चाकात अकरा स्पोक,
आणि उजव्या अंगाला चेनकव्हरवर
अंगठा मावेल एवढा पोचा.

आधी पोचा ओळखला मी. मग सायकल.

मानवतला आणून रंग खरवडायला बसलो.
रॉकेल, पॉलिशपेपर, बायकोच्या जुन्या लुगड्याची चिरगुटं.
वर पोपटी, कुणीतरी लग्नात द्यायला रंगवली असावी,
त्याखाली शेंदरी, त्याखाली काळा,
आणि काळ्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं, किंचित तिरका,
कासीमचाचांच्या हातचा
सतराचा आकडा.

तासाला चार आणे.
वहीत नाव, बापाचं नाव, घड्याळात बघून वेळ.

सुटे भाग आता मिळत नाहीत.
दुकानातला पोरगा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणतो,
काका, गिअरची घ्या ना.
कॉटर पिन सेलूत निघाली,
वीस वर्षं शटर न उघडलेल्या दुकानात,
बिस्किटाच्या डब्यात, गंजाला गंज चिकटलेली.
ब्रेकचा दांडा पाथरीजवळ एका आखाड्यावर
गोठ्याच्या दाराची कडी झाला होता;
नवी कडी बसवून दिली, तेव्हा सुटला.
सीटचं कातडं सटवानं शिवलं,
हलगीला ताणतात तसं ओलं ताणून,
आणि तीन दिवस मला बसू दिलं नाही.

डावं पायडल मात्र छळत राहिलं.
त्याचा आटा उलटा असतो.
सोडवायला जावं तसं ते आवळत जातं.
हे मला माहीत होतं.
तरी हात सवयीनंच फिरायचा.

नऊ वर्षांचा होतो. जिनिंगच्या उतारावर
कापसाच्या बैलगाडीचा आस लागला, खणकन.
मी ओढ्याकाठचा चिखल घेतला, काळाभोर,
मडगार्डात एकदा बसला की काडीनं निघत नाही असला,
आणि पोच्यावर थापला.
वाळला की तो आपोआप गळतो,
एवढं कळायचं वय नव्हतं.

माझ्यानंतरचा तास ग्यानोबाचा होता.

चाचांनी त्याच्या कानाखाली वाजवली, तेव्हा
मी समोर गिरणीच्या ओट्यावर होतो. हातात गुडदाणी.
ती मी संपवली.

डेंटिंगवाला म्हणाला, दहा मिनिटांचं काम,
आतून ठोकतो, काचेसारखं करून देतो.
नको म्हणालो.
मग एवढा खर्च कशाला केला, म्हणून
त्यानं मला पार येड्यात काढलं.

परवा ग्यानोबाच्या दारात नेऊन उभी केली.
त्याचे दोन्ही गुडघे गेलेत.
प्लास्टिकची खुर्ची सरकवत सरकवत जवळ आला.
मी पोच्यावर बोट ठेवलं, सगळं सांगितलं:
उतार, आस, चिखल,
गुडदाणीसुद्धा.

तो बराच वेळ चेनकव्हरवरून हात फिरवत राहिला.
"आरं," म्हणाला,
"मला तर वाटायचं म्याच पाडला.
कसा पाडला ते बी ध्यानात हाये माझ्या,
बाभळीला धडकलो होतो न्हवं का."

मला काही बोलता येईना.
त्यानं वाकून पायडल हातानं उलटं फिरवलं.
चाक हललं नाही, नुसतं फ्रीव्हील टिकटिकलं.
पुन्हा फिरवलं. पुन्हा.
किती वाजले, कुणी बघितलं नाही.

घंटीची वाटी अजून मिळालेली नाही.